पावसाळाभर रोज पंधरा मिनिटं

मंडळी, युरोप-अमेरिकेत हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात, त्यानं पत्रा सडतो, म्हणून तिकडं स्पोर्ट्स कार नोव्हेंबर ते मार्च गॅरेजात लावून ठेवतात. जर्मनीत तर १९९७ पासून हंगामी नंबरप्लेट मिळते, गाडी कुठल्या महिन्यांत रस्त्यावर असणार ते प्लेटवरच छापलेलं. आपल्याकडं उलटं, थंडी म्हणजे पन्हाळ्याला गाडी काढायचा सीझन आणि गाड्या बसतात जून ते सप्टेंबर. पण आपण त्यांना नीट बसूही देत नाही, रोज पंधरा मिनिटं जागेवरच चालू करून ठेवतो, तेच माझं दुखणं आहे.

ताराबाई पार्कातलं एक गिऱ्हाईक, नाव नको, गाडीवर जीव इतका की पावसाळ्यात कव्हर घालून ठेवायचे. पण रोज सकाळी गाडी स्लोवर, म्हणजे रेस न देता जागेवरच, चालू करायची, यांची देवपूजा होईपर्यंत ती तशीच गुरगुरत उभी. पाऊस संपल्यावर माझ्याकडं आले, म्हणाले, मेस्त्री, इंजिनातनं टॅपेटचा टकटक आवाज येतोय, पण इंजिन ऑइल खात नाही बरं का, उलट लेव्हल वाढलीय! मी गेज, म्हणजे ऑइल मापायची पट्टी, ओढून वास घेतला तर सरळ पेट्रोल. ऑइलची कॅप उघडली तर आतून पिवळसर मलई जमलेली. चेंबरचा, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याचा, नट सैल केला तर आधी पाणी आलं आणि मग ऑइल. सायलेन्सर काढून हलवला तर आत खळखळ, आणि खालच्या बाजूला गंजून भोक. प्लग सगळे काळेकुट्ट. त्या माणसाचा चेहरा मला बघवेना, आणि हा रोज चालू करायचा सल्ला त्यांना दिला कुणी, तर गाडी घेतली तिथल्याच सर्व्हिसवाल्यानं! जो काळजी घेतो त्याचीच गाडी खराब व्हावी, याचा मला मनापासून राग येतो.

आणि हे आपल्या कोल्हापुरात व्हावं? उद्यमनगरात, आपल्या कारखान्यांच्या वस्तीत, घरटी कुणीतरी इंजिनाला हात लावलेला. शेतातलं पंपाचं इंजिन बघा की, तासन् तास लोडवर पळतं, चांगलं तापतं, म्हणून टिकतं. इंजिनाला काम मारत नाही हो, अर्धवट तापणं मारतं.

अध्यक्षांनी घड्याळ दाखवलंय, मुख्य मुद्दा आता भराभर सांगतो. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटर पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात. इंजिन तापलेलं असलं तर ती बाहेर जाते, थंड असलं तर सायलेन्सरात साचते आणि थोडी पिस्टनच्या रिंगांच्या कडेनं चेंबरात उतरते, तिथं ऑइलमध्ये मिसळून आम्ल आणि गाळ होतो. थंड इंजिनाला पेट्रोल जास्त लागतं, ते न जळलेलं पेट्रोल बोअरवरचा, म्हणजे पिस्टन ज्या नळकांड्यात वर-खाली होतो त्यावरचा, ऑइलचा थर धुतं आणि ऑइल पातळ करतं. मीटरवर ९० डिग्री दिसतं ते इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचं, ऑइल तापायला त्याहून बराच वेळ लागतो, आणि स्पोर्ट्स कारमध्ये कुठं कुठं आठ-नऊ लिटर ऑइल असतं, ते स्लोवर तापणार कधी? त्यात स्लोवर ऑइलचं प्रेशरही कमी. बॅटरीचं म्हणाल तर स्टार्टरनं जेवढं खाल्लं तेवढंसुद्धा अल्टरनेटर, म्हणजे बॅटरी भरणारा डायनॅमो, स्लोवर भरून देईल असं नाही.

मग करायचं काय? ठेवायच्या आधी ऑइल-फिल्टर बदला, जुनं आम्ल आत ठेवू नका. टाकी फुल करा, कारण आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते हवेतला ओलावा ओढतं, रिकामी जागा जितकी कमी तितकं बरं. बॅटरीला मेंटेनर चार्जर, म्हणजे बॅटरी हळूहळू भरलेली ठेवणारा, लावा. टायरमध्ये हवा थोडी जास्त. हँडब्रेक ओढू नका, ब्रेकचे लायनर चिकटतात, चाकाला ठोकळा लावा. आणि चालू करायचीच नाही! करायचीच झाली तर उघडीप बघून हायवेला काढा, अर्धा-पाऊण तास चांगली पळवा, ऑइल तापू द्या आणि मगच परत लावा. बंद गॅरेजात तर अजिबात चालू करू नका, त्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस जातो. सप्टेंबरात बाहेर काढताना आधी बॉनेट उघडून एअर फिल्टरच्या डब्यात उंदरानं घर केलंय का तेवढं बघा, मग किल्ली फिरवा, आणि रेस न मारता सावकाश निघा.