कोरियन दुभाषी हवाय, पण कोणता?

रांजणगावात एलजी, तळेगावात ह्युंदाई, माणगावजवळ विळे-भागाडला पॉस्को, संभाजीनगरच्या ऑरिक या उद्योगनगरीत ह्योसंग. अशा कारखान्यांना माल पुरवणाऱ्या उद्योजकाला कळतं, की कोरियाहून तपासणीला पाहुणे येतायत. मग फोनाफोनी सुरू होते: "कोरियन येणारं कुणी आहे का?"

प्रश्न इथेच अर्धवट आहे. लेखी अनुवादाला कोरियनमध्ये 'बॉनयॉक' म्हणतात, बोलण्याच्या अनुवादाला 'थोंगयॉक'. कामं दोन, आणि बहुधा माणसंही दोन. करारनामा उत्तम उतरवणारा अनुवादक प्रेस मशीनच्या धडधडाटात गांगरू शकतो.

शोध कुठे घ्यायचा? दिल्लीत जेएनयूमध्ये कोरियनची पदवी मिळते, तिथले माजी विद्यार्थी देशभर काम करतात. पुण्यातल्या कोरियनच्या शिक्षकांना विचारा. लेखी कामासाठी 'प्रोझ'सारख्या संकेतस्थळावर भाषांची जोडी आणि विषय टाकून अनुवादक निवडता येतात.

समोर येतं ते 'टोपिक' या कोरियन भाषेच्या परीक्षेचं प्रमाणपत्र. सहा पातळ्या, पाचवीला ३०० पैकी १९० गुण लागतात, सहावीला २३०. पण या नेहमीच्या परीक्षेत ऐकणं, वाचणं आणि लिहिणं एवढंच असतं. बोलण्याची परीक्षा वेगळी, ती २०२२ मध्ये सुरू झाली. तारीखही बघा, निकाल दोनच वर्षं ग्राह्य असतो.

त्यापेक्षा दहा मिनिटं फोनवर बोला, आणि आकडे विचारा. कोरियन मोजणी चार-चार शून्यांनी सरकते. 'मान' म्हणजे दहा हजार, 'ऑक' म्हणजे दहा कोटी. 'सामॉक ओछॉनमान' ऐकल्याबरोबर 'पस्तीस कोटी' आलं पाहिजे. जो मनात आधी इंग्रजी मिलियन करतो आणि मग कोटी, त्याचं एखादं शून्य वाटेत सांडतं.

ओळखीचे वाटणारे शब्द तर जास्त फसवे. कोरियन माणूस 'सॉबिस' म्हणाला, तर बहुतेक वेळा त्याला वस्तू फुकट हवी असते. 'क्लेम' म्हणजे मालाबद्दलची तक्रार. गाडीचं 'हँडल' म्हणजे स्टीअरिंग.

"माल निघाला नाही ना?" याला कोरियन उत्तर 'ने', म्हणजे "हो, नाही निघाला." मराठी माणूसही असंच बोलतो. मध्ये इंग्रजीचं 'यस' घुसलं, की माल निघाल्याची नोंद होते! शिवाय दोन्ही भाषांत क्रियापद शेवटी येतं. त्यामुळे थेट मराठीत बोलणारा दुभाषी मिळाला, तर चार पैसे जास्त मोजा.

माणूस ठरला, की दोन-तीन दिवस आधी ड्रॉइंग, सुट्या भागांची यादी आणि पाहुण्यांची नावं हुद्द्यांसकट पाठवा. 'ग्वाजांग' (मॅनेजर) कोण, 'बुजांग' (त्याच्या वरचा) कोण, हे त्याला आधी कळायला हवं, कारण वरिष्ठाशी बोलताना क्रियापदाचं रूपच बदलतं. शॉप फ्लोअरवर दोन-तीन वाक्यं बोलून थांबा. सभागृहात बोलता-बोलता अनुवाद हवा असेल, तर दोन दुभाषी घ्या. ते वीस-तीस मिनिटांनी आलटून-पालटून बोलतात. एकट्यावर दिवसभर भार टाकला, की दुपारनंतर वाक्यं गळायला लागतात.

दर अर्ध्या दिवसाचा की पूर्ण, जादा तास, प्रवास, गोपनीयता, सगळं लेखी घ्या. अनुवादाचे शब्द मूळ मजकुराचे मोजायचे की अनुवादाचे, हेही ठरवा. कोरियनमध्ये प्रत्यय शब्दाला चिकटतात, त्यामुळे तोच मजकूर इंग्रजीत गेला की शब्द वाढतात आणि बिलही.

संध्याकाळचं जेवण कामात धरायचं का, तेही आधीच बोला. पाहुण्यांबरोबरच्या त्या जेवणात बरेच विषय निघतात, आणि दुभाषी दोघांच्या मध्ये बसून बोलतच असतो. त्याला आधी जेवू द्या.