टोपी धुवायला गेला आणि हिरो झाला

नमस्कार मंडळी. जीन ऑट्री, रॉय रॉजर्स, म्हणजे अमेरिकेतले ते गाणारे काउबॉय, त्यांचे जुने पिक्चर घरी डीव्हीडीवर परत बघणार असाल तर आधी एक करा, डबा उलटा करून मिनिटं बघा. ५४ च्या आसपास असतील तर कापलेली कॉपी असायची शक्यता आहे. काही मुळातच छोटे होते, पण तरी मिनिटं बघाच. झालं काय, रिपब्लिक स्टुडिओचे हे पिक्चर टीव्हीवर आले तेव्हा जाहिरातींसकट तासाभरात बसवायला कात्री लागली, आणि कात्री लागली की गाणं आधी जातं. जीन आणि रॉय दोघंही कोर्टात गेले, पण १९५४ ला अपिलात स्टुडिओच जिंकला.

आता रॉयचा किस्सा सांगतो, तो स्वतः असाच सांगायचा. १९३७ साल. तेव्हा तो रॉय नव्हताच, लेनर्ड स्लाय, सिनसिनाटीचा पोरगा, सन्स ऑफ द पायोनियर्स या ग्रुपमध्ये गायचा. तर हा ग्लेंडेलला एका दुकानात टोपी साफ करायला दिलेली ती आणायला गेला, तेवढ्यात एक माणूस धापा टाकत आत आला, म्हणे उद्याच्या उद्या टोपी पाहिजे, रिपब्लिकमध्ये गाणाऱ्या काउबॉयची टेस्ट आहे. आमच्या लेनर्डला कुणी बोलावलेलं नव्हतं, पण दुसऱ्या दिवशी हा पठ्ठ्या गेटवर हजर. वॉचमन काय आत सोडेना! मग हा थांबला, जेवणाची सुट्टी संपली, माणसं घोळक्यानं परत आत चालली तसा त्यांच्यातच घुसला, तर वॉचमननं बरोब्बर हेरला की हो. पण नशीब बघा, तेवढ्यात प्रोड्युसर सोल सीगल तिथून चालला होता, त्यानं ओळखलं आणि विचारलं, गिटार आणलीस का? गिटार गाडीत! पळत जाऊन घेऊन आला, गायला, काँट्रॅक्ट मिळालं.

पुढं १९३८ ला जीन पगारावरून रुसून निघून गेला, आणि त्याच्यासाठी ठेवलेला पिक्चर याला मिळाला, अंडर वेस्टर्न स्टार्स. त्यात हिरो दुष्काळी भागाला पाणी मिळावं म्हणून निवडणूक लढवतो, जिंकून थेट वॉशिंग्टनला जातो. (आपल्याकडे पाण्यावर निवडून येणारे पुष्कळ, पण गात कोणी नाही, तेवढं तरी करा म्हणावं.) त्यातलं डस्ट हे गाणं ऑस्करच्या नॉमिनेशनपर्यंत गेलं. असलं गाणं काढलं तर उरतं काय, घोडे आणि धूळ! गाणं फॉरवर्ड करणाऱ्या माणसाशेजारी बसून मी तरी पिक्चर बघत नाही, घरचा असला तरी.

घोड्यावरून आठवलं, रॉयचा ट्रिगर त्याच वर्षीच्या रॉबिन हूडमध्ये पण आहे, ऑलिव्हिया डी हॅविलंड बसलीय त्याच्यावर, ओळखून दाखवा. तर मंडळी, जीनचे पिक्चर त्याच्याच कंपनीनं नीट जुळवून पूर्ण लांबीचे काढलेत, ते बिनधास्त घ्या. रॉयच्या बाबतीत मात्र स्वस्तात एका डब्यात दहा पिक्चर दिसले की जरा थांबा, आणि परत सांगतो, मिनिटं बघा.