टर्बो का गेला?

(पहाट. कसारा घाट. एक भरलेला ट्रक वळणावर हळूहळू चढतोय.)

भिवंडीच्या गोदामातून माल भरून नाशिककडे निघालेली ही जुनी टाटा 1613. महिन्याभरापूर्वी हाच घाट ती दम न टाकता चढत होती. आता प्रत्येक चढाला गिअर उतरवावा लागतो. मागे काळा धूर, आणि इंजिनातून एक नवा आवाज, सायरनसारखी बारीक शिट्टी. ड्रायव्हरनं निदान केलंय, "टर्बो गेला." टर्बो म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा भाग.

(गॅरेज. बॉनेट उघडं.)

मिस्त्री मात्र आधी एअर क्लिनर उघडतात. फिल्टर धुळीनं चोंदला तरी गाडी अशीच दमते, असाच काळा धूर सोडते. मग होज पाइप आणि त्यांचे क्लॅम्प. एक क्लॅम्प ढिला असला तरी दाबलेली हवा बाहेरच निघून जाते. मग डिझेल फिल्टर. कित्येक चांगले टर्बो बदलले जातात ते ही अर्ध्या तासाची तपासणी टाळल्यामुळे, आणि त्याचा भुर्दंड मालकाला बसतो.

इथं फिल्टर साफ आहे. क्लॅम्प घट्ट आहेत. पण टर्बोवरचा होज काढला, तर आतून तो ऑइलनं ओला.

टर्बोत एकाच शाफ्टवर, म्हणजे दांड्यावर, दोन चाकं असतात. सायलेन्सरकडे निघालेला गरम धूर एक चाक फिरवतो, दुसरं चाक इंजिनात हवा कोंबतं. वेग मिनिटाला लाखभर फेऱ्यांच्या घरात. या शाफ्टला आधार असतो तो धातूच्या बुशांचा, म्हणजे कड्यांचा, आणि बुश नि शाफ्ट यांच्यामध्ये ऑइलचा पातळ थर. तो थर आहे तोवर धातूला धातू घासत नाही.

मिस्त्री चिमटीत शाफ्टचं टोक धरतात. बाजूला किंचित हलतो, तेवढं चालतं. आत-बाहेर ओढतात, आणि हाताला खट्ट जाणवतं. हे चालत नाही. चाकाची पाती टर्बोच्या कवचाला घासून चकाकलीत. शिट्टी तिथलीच.

(पाने, हातोडी, गंजलेले नट.)

काढायला अख्खी दुपार जाते. मॅनिफोल्डचे, म्हणजे इंजिनातला धूर गोळा करणाऱ्या पाइपाचे, नट भाजून गंजलेले. घाईनं पाना मारला तर स्टडच तुटायचा, म्हणून तेल सोडून थांबायचं, पुन्हा हलवायचं.

टर्बो खोलल्यावर शाफ्टच सगळं सांगतो. ओरखडे असते तर ऑइल घाण होतं. पाती तुटली असती तर बाहेरून काहीतरी आत गेलं होतं. इथं शाफ्ट तापून निळा पडलाय, बुशांवर जळालेल्या ऑइलची काळी खपली आहे.

मिस्त्री विचारतात, "घाट चढून वर आलात की गाडी कशी बंद करता, भाऊ?"

"इगतपुरीला चहाला थांबतो. एक रेस मारतो आणि बंद."

ती शेवटची रेस. गाडी बंद होते तसा ऑइल पंपही थांबतो, पण टर्बो अजून भन्नाट फिरत असतो, तोही घाट चढून तापलेला. आतलं ऑइल तिथंच जळतं. रोज थोडं थोडं.

नवा टर्बो बसवण्याआधी म्हणूनच बरंच काम असतं. ऑइल आणि ऑइल फिल्टर नवे. टर्बोकडे ऑइल नेणारा पाइप आतून खपलीनं अरुंद झालाय, तोही नवा. ऑइलच्या परतीचा पाइप आणि इंजिनाचा ब्रीदर, म्हणजे आतली वाफ बाहेर सोडणारी नळी, मोकळा आहे ना, ते पाहायचं. नाहीतर नवा टर्बोही ऑइल गाळू लागतो. होजमधलं साचलेलं ऑइल पुसून काढायचं, कारण तेच इंजिनानं ओढलं तर इंजिन बेफाम पळू शकतं. गॅस्केट नवं घालायचं. ऑइलच्या तोंडाशी सिलिकॉन लावायचं नाही. त्याचा एक तुकडा सुटून आत गेला, तर ऑइलची वाटच बुजते.

मग मिस्त्री टर्बोत चमचाभर स्वच्छ ऑइल ओततात, चाक बोटानं फिरवतात. डिझेल तोडणारी स्टॉपची केबल ओढून धरून सेल्फ मारतात. इंजिन फिरतं, पण सुरू होऊ द्यायचं नाही. ऑइलच्या दाबाचा काटा वर आल्यावरच केबल सोडायची.

गाडी सुरू होते. रेस नाही. काही मिनिटं नुसती आयडलवर. मिस्त्री कान देऊन ऐकतात. शिट्टी नाही.

(इगतपुरी. धाबा. संध्याकाळ.)

ट्रक थांबलाय. ड्रायव्हर खाली उतरून टायर बघतो, दोर चाचपतो. इंजिन अजून चालूच आहे. चहा आला तरी तो चावीकडे जात नाही. तीन-एक मिनिटांनी केबिनमध्ये चढतो आणि, रेस न मारता, गाडी बंद करतो.