२१ सेकंदांची बकेट

[पहाट. द्राक्षबाग. ट्रॅक्टर सुरू होतो. सुरुवातीला फक्त आवाज.]

निफाड तालुका. खरड छाटणी तोंडावर आलीय आणि उकिरडा अजून भरलेलाच आहे. दोन ओळींत जागा ८-९ फूट, तिथे मोठं धूड वळत नाही. म्हणून हा २४ एचपीचा छोटा ट्रॅक्टर. त्याला पुढून लोडर बसवलाय. शेणखत उचलायचं, ट्रॉलीत टाकायचं, एवढंच त्याचं काम.

आता बकेट बघा. हे दृश्य आम्ही कुठेही कापलेलं नाही.

[बकेट उकिरड्यातून निघते. कोपऱ्यात घड्याळ.]

निघाली. चाललीय. अजून चाललीय. शेजारी फावडं घेऊन उभा असलेला गडी तंबाखू मळून मोकळा झाला. २१ सेकंद.

बागेचे मालक नाना म्हणतात, ट्रॅक्टरात दम नाही.

[तालुक्याच्या रस्त्यावरचं वर्कशॉप. वेल्डिंगच्या ठिणग्या. भिंतीला टांगलेले होज.]

लोडर इथेच बसवला होता. मिस्त्रींच्या टेबलावर कापलेला एक गिअर पंप ठेवलाय, गिऱ्हाइकाला दाखवण्यासाठी. आम्हाला तो फार आवडला, त्यामुळे तो जरा जास्त वेळ दिसेल.

[पंपाचे दोन गिअर, हाताने फिरवताना.]

दोन गिअर एकमेकांत दात घालून बसलेत. एका बाजूने ऑइल आत येतं, दातांच्या खाचांत भरतं, कडेकडेने फिरून दुसरीकडे बाहेर पडतं. दर फेऱ्याला ठरलेलं माप. या पंपाचं माप आहे १० सीसी. इंजिन ८०० आरपीएमवर असेल तर मिनिटाला ८ लिटर, २००० वर असेल तर २० लिटर. गिअरच्या कडेने थोडं ऑइल मागे सरकतं, ते दहा टक्के धरू. हाती उरले ७.२ आणि १८ लिटर.

हे ऑइल जातं जॅकमध्ये. नानांच्या लोडरला बूम, म्हणजे बकेट धरणारा हात, उचलणारे दोन जॅक आहेत. बोअर, म्हणजे आतला व्यास, ६३ मिलिमीटर; स्ट्रोक, म्हणजे दांड्याची धाव, ४०० मिलिमीटर. दोन्ही पूर्ण उघडायला मिळून अडीच लिटर ऑइल लागतं. आता भागाकार करा. मिनिटाला ७.२ लिटर येत असेल तर अडीच लिटर भरायला २१ सेकंद लागतात. १८ लिटर येत असेल तर सव्वाआठ.

नाना डिझेल वाचवायला ट्रॅक्टर मंद रेसवर ठेवूनच लोडर चालवत होते.

[जुने ५० मिलिमीटरचे जॅक, कोपऱ्यात, धूळ बसलेले.]

या जॅकची पण एक गोष्ट आहे. लोडर नवा आला तेव्हा हे ५० चे जॅक होते. ओलं शेणखत जड पडायचं, बकेट अर्ध्यात थांबायची. नाना म्हणाले, मोठे घाला. मिस्त्रींनी ६३ चे घातले. दीडशे बार प्रेशरला ५० चा जॅक साधारण २,९०० किलोचा जोर देतो, ६३ चा ४,६०० च्या पुढे जातो. बकेट उचलायला लागली. पण पूर्वी दीड लिटरात भरणारे जॅक आता अडीच लिटर पिऊ लागले, आणि पंप तोच राहिला. २००० आरपीएमला पाच सेकंदांचं काम आठ सेकंदांवर गेलं. जोर वाढला त्या मापाने वेग उतरला.

असाच सौदा बूमवरही होतो. वर्कशॉपचं हे लोखंडी फाटक बघा. मिस्त्री ते बिजागरीजवळ ढकलतायत. हात वीतभर सरकतो आणि टोक पार रस्त्यावर पोहोचतं, पण ढकलताना कपाळावर शीर उठते. बुमच्या सांध्याजवळ जॅक लावला की बकेट भराभर वर जाते आणि कमी वजन उचलते. सांध्यापासून लांब लावला की उलटं.

[जुन्या पद्धतीचा नांगर, ट्रॅक्टरच्या मागची लिफ्ट वरखाली होताना.]

ट्रॅक्टरच्या स्वतःच्या हायड्रॉलिकवर लोडर का रेंगाळतो, याचं मूळ जुनं आहे. बंद भांड्यातल्या द्रवावर दाब दिला की तो सगळीकडे सारखा पोहोचतो, हे सतराव्या शतकात पास्कलने सांगितलं. त्याच्यावर १७९५ साली जोसेफ ब्रामाने इंग्लंडमध्ये हायड्रॉलिक प्रेसचं पेटंट घेतलं. ट्रॅक्टरमागे नांगर धरणारी तीन टेकूंची हायड्रॉलिक लिफ्ट हॅरी फर्ग्युसनने घडवली, आणि १९३९ मध्ये अमेरिकेत फोर्ड-फर्ग्युसन ट्रॅक्टरवर ती घाऊक प्रमाणात बाहेर पडली. आपल्याकडच्या ट्रॅक्टरच्या मागे आजही त्याच घराण्याची लिफ्ट आहे. तिचं काम काय? तासाच्या टोकाला नांगर उचलायचा, वळायचं, पुन्हा टेकवायचा. मग बराच वेळ आराम. लोडरला आराम नाही. तो दिवसभर तहानलेला. म्हणून बरेच मिस्त्री लोडरला वेगळा पंप आणि वेगळी टाकी देतात. नानांच्या ट्रॅक्टरला तसंच केलंय.

[रिलीफ व्हॉल्व्हचा जवळून फोटो. लॉकनटवर पान्याच्या खुणा.]

हा रिलीफ व्हॉल्व्ह. प्रेशर ठरलेल्या आकड्यावर गेलं की हा उघडतो आणि ऑइल टाकीत परत सोडतो. स्क्रू आवळला की तो आकडा वाढतो. ही खूण बघा. कोणीतरी इथे पाना लावलाय. कुणी, ते आम्ही विचारलं नाही. गावोगावी हाच उपाय चालतो: लोडर मंद झालाय, आवळा स्क्रू.

मिस्त्रींनी गेज लावला. काटा १९० बारवर. रेस २००० ला धरून बकेट वर नेली: सव्वाआठ सेकंद. मग स्क्रू सैल करून प्रेशर १५० वर आणलं. तीच रेस, तेवढंच खत.

[दोन्ही दृश्यं शेजारी-शेजारी. दोन्ही घड्याळं.]

सव्वाआठ सेकंद.

नाना: “म्हणजे आवळून काहीच फरक नाही?”
मिस्त्री: “नाना, आवळून ते जड उचलंल. पळंल कशाला? पंपाला ऑइल तेवढंच.”

आवळलेल्या व्हॉल्व्हने ऑइलची नळी, म्हणजे होज, फुटू शकतो, सुईएवढ्या छिद्रातून ऑइल कातडीत घुसतं तेव्हा जखम छोटी दिसली तरी लगेच दवाखाना गाठावा लागतो, आणि पुढे जास्त वजन घेतलं की मागची चाकं हलकी होतात.

[सक्शनची गाळणी बादलीत. काळं, चिकट.]

गेज लावण्याआधी पंपाच्या तोंडची गाळणी काढली तर ही अशी. पंपाला ऑइल ओढता येत नसेल तर तो देणार काय? अशा वेळी पंप किंचाळतो. टाकीत फेसही दिसतो, पण तो बहुधा कुठूनतरी हवा ओढल्याचा. मागच्या डिसेंबरमध्ये आम्ही याच बागेत होतो. निफाडची थंडी महाराष्ट्राला ठाऊक आहे. शेकोट्या पेटलेल्या, आणि टाकीतलं ऑइल काकवीसारखं. गार ऑइल अर्धवट तुंबलेल्या गाळणीतून येतच नाही. मिस्त्री लोकांचा एक ठोकताळा आहे: सकाळी मंद आणि दुपारी बरा चालला तर ऑइल आणि गाळणी बघा. सकाळी बरा आणि ऊन तापल्यावर मंदावला तर पंप झिजलाय, कारण पातळ झालेलं ऑइल फटीतून मागे पळतं.

मग होज. हा दोन सुती, म्हणजे पाव इंची. हा तीन सुती. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. १८ लिटर दोन सुती होजमधून ढकललं तर ऑइल सेकंदाला साडेनऊ मीटरने धावतं. तीन सुतीतून चार-सव्वाचार मीटर. अरुंद होजमध्ये इंजिनची मेहनत ऑइल तापवण्यात जाते, आणि बकेट जड असली की व्हॉल्व्ह उघडून थोडं ऑइल टाकीतच परततं.

[लिव्हरची वाकलेली सळई.]

आणि ही सळई. इतकी वाकली होती की लिव्हर पूर्ण ओढला तरी आतला स्पूल, म्हणजे ऑइलची वाट उघडणारा दांडा, अर्धाच सरकायचा. मिस्त्रींनी तीही गेजच्या आधीच हातोडीने सरळ केली. हातोडीचे पैसे घेतले नाहीत.

मोठा पंप घालता येईल? येईल. १६ सीसीचा घातला तर २००० आरपीएमला जवळपास २९ लिटर मिळतील आणि बकेट पुन्हा पाच सेकंदांत वर जाईल. पण मग होज चार सुती हवेत, सक्शनला इंची पाइप हवा, आणि भर प्रेशरला इंजिनची सहा एचपी जात होती तिथे दहाच्या आसपास जाईल. २४ मधून तेवढी निघते. म्हणजे दम होता, कमी होतं ते ऑइल.

[लोडरची पत्रकं टेबलावर पसरलेली. बोट ओळींवरून फिरतं.]

ही आम्ही गोळा केलेली पत्रकं. यात एचपी आहे, उचलण्याचं वजन आहे, रंगही आहेत. मिनिटाला किती लिटर? बोट शोधतंय. या टेबलावरच्या एकाही पत्रकात ते नाही. ज्या आकड्यावर दिवसाच्या ट्रॉल्या ठरतात तो विकत घेणाऱ्याला इथे विचारून काढावा लागतो.

[संध्याकाळ. पुन्हा उकिरडा. नाना हाताची रेस वाढवतात.]

नानांनी मोठा पंप घेतला नाही. म्हणाले, यंदाची छाटणी होऊ द्या. गाळणी धुतली, सळई सरळ केली, प्रेशर दीडशेवर ठेवून लॉकनटवर पांढऱ्या रंगाचा ठिपका दिला.

रेस २०००. घड्याळ लावतो.

[बकेट वर जाते. उलटते. खताची वाफ उन्हात. निवेदन नाही.]

सव्वाआठ. उकिरड्यात अजून चार ट्रॉल्या आहेत.