कोरोनाचे व्हेरिएंट आणि आयसीयूतला रुग्ण

नमस्कार. आयसीयूत काम करणाऱ्यांकडून एक प्रश्न हमखास येतो: नवा व्हेरिएंट आला, आता व्हेंटिलेटरची सेटिंग्ज बदलायची का? नाही, बदलायची नाहीत. व्हेरिएंटनुसार बदलते ते वेगळेच. आयसीयूत कोण येतो, कशासाठी येतो आणि कोणते औषध त्याच्यावर चालते, हे बदलते. आज बोलायचे आहे ते यावर.

आधी थोडे विषाणूविषयी. कोरोनाच्या पृष्ठभागावरचे काटे, म्हणजे स्पाइक प्रथिन, पेशीवरच्या एसीई-२ या रिसेप्टरला चिकटते. पण चिकटून भागत नाही, ते योग्य जागी कापलेही जावे लागते. डेल्टामध्ये कापण्याच्या जागेजवळ पी-६८१-आर हा बदल होता. त्यामुळे स्पाइक सहज कापले जाई आणि शेजारच्या पेशी एकमेकींत मिसळून मोठे गोळे होत. ओमायक्रॉनची गोष्ट निराळी. २६ नोव्हेंबर २०२१ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने त्याला चिंताजनक व्हेरिएंट ठरवले, तेव्हा त्याच्या स्पाइकमध्ये तिसाहून अधिक बदल होते. पेशीत शिरण्यासाठी तो स्पाइक कापणाऱ्या टीएमपीआरएसएस-२ या एन्झाइमवर कमी अवलंबून राहतो. हाँगकाँग विद्यापीठात शरीराबाहेर ठेवलेल्या मानवी ऊतींवर प्रयोग झाले. त्यांत ओमायक्रॉन श्वासनलिकेच्या ऊतीत डेल्टापेक्षा सुमारे ७० पट वेगाने वाढला, फुप्फुसाच्या ऊतीत मात्र मागे पडला.

यावरून ओमायक्रॉन सौम्य, असा निष्कर्ष लगेच काढू नका. २०२२च्या सुरुवातीला त्याच हाँगकाँगमध्ये लस न घेतलेल्या वृद्धांचे मृत्यू मोठ्या प्रमाणावर झाले. बऱ्याच ठिकाणी जो सौम्यपणा दिसला, त्याचा मोठा वाटा लस आणि आधीच्या संसर्गाचा होता.

आता बेडपाशी येऊ. डेल्टाच्या लाटेतला ठराविक रुग्ण मध्यमवयीन, लस न घेतलेला. लक्षणे सुरू होऊन आठवडा-दहा दिवस झालेले, दोन्ही फुप्फुसांत कडेने पसरलेले धुरकट डाग आणि ऑक्सिजन झपाट्याने खाली. ओमायक्रॉननंतर येणारा रुग्ण बहुधा वृद्ध, किंवा अवयव प्रत्यारोपण झालेला, रक्ताचा कर्करोग असलेला, रिटुक्सिमॅब हे प्रतिकारशक्ती दाबणारे औषध घेतलेला. त्याचा स्वॅब पॉझिटिव्ह असतो, पण तो आयसीयूत आलेला असतो सीओपीडी (फुप्फुसाचा जुनाट आजार) बळावल्यामुळे, सेप्सिसमुळे (संसर्गाने अवयव निकामी होऊ लागल्यामुळे) किंवा हृदय निकामी झाल्यामुळे. 'कोविडमुळे' की 'कोविडसह', हे पहिल्याच दिवशी ठरवून केसपेपरवर लिहिले पाहिजे. ते लिहिले नाही, तर पुढच्या पाळीतला डॉक्टर पॉझिटिव्ह अहवाल पाहून डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड सुरू करतो.

त्यात नुकसान काय? कोविडमध्ये डेक्सामेथासोन तपासणाऱ्या ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीचे आकडे लक्षात ठेवा. रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त १० दिवस. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू ४१.४ टक्क्यांवरून २९.३वर आले आणि नुसता ऑक्सिजन लागणाऱ्यांचे २६.२वरून २३.३वर. ऑक्सिजन न लागणाऱ्यांत मात्र फायदा नव्हता. तिथे १४ टक्क्यांऐवजी १७.८ टक्के मृत्यू झाले, म्हणजे आकडा उलट दिशेला झुकलेला. सेप्सिसने आलेल्या आणि फुप्फुसे स्वच्छ असलेल्या रुग्णाला हे स्टेरॉइड कोविडच्या नावाखाली देण्याचे कारण नाही. त्याच्या मूळ आजारासाठी स्टेरॉइड लागत असेल, तर तो हिशेब वेगळा आणि डोसही वेगळा.

कोविडमुळेच एआरडीएस, म्हणजे फुप्फुसे सुजून ऑक्सिजन घेईनाशी होणे, झाला असेल, तर व्हेरिएंट कोणताही असो, व्हेंटिलेटरचा हिशेब तोच. टायडल व्हॉल्यूम, म्हणजे एका श्वासात द्यायची हवा, प्रत्यक्ष वजनावर नव्हे, उंचीवरून काढलेल्या वजनावर ठरवायचा. पुरुषासाठी: उंचीच्या सेंटिमीटरमधून १५२.४ वजा करा, ०.९१ने गुणा, ५० मिळवा. स्त्रीसाठी ५० ऐवजी ४५.५. १७० सेंटिमीटरच्या पुरुषाचे हे वजन ६६ किलो येते. किलोमागे ६ मिलिलिटरने सुमारे ४०० मिलिलिटर. तोच माणूस प्रत्यक्षात ९५ किलोचा असेल आणि तुम्ही ते वजन धरले, तर ५७० जातात, आणि आधीच आखडलेले फुप्फुस फाटायला तेवढे पुरते. प्लॅटो प्रेशर (श्वास आत थांबवून मोजलेला दाब) ३०च्या खाली आणि ड्रायव्हिंग प्रेशर (त्यातून पीईईपी, म्हणजे श्वास सोडल्यावर फुप्फुसात राखलेला दाब, वजा करून उरलेला) १५च्या खाली ठेवा, दोन्ही सेंटिमीटर पाण्यात.

पीएफ रेशो (रक्तातला ऑक्सिजन भागिले दिलेल्या हवेतले ऑक्सिजनचे प्रमाण) १५०च्या खाली असेल तर पालथे झोपवायचे, सलग किमान १६ तास. हे काम धांदलीत बिघडते, म्हणून जरा सविस्तर सांगतो. निदान पाच जण हवेत, आणि डोक्याशी उभा असलेला एकच माणूस श्वासाची नळी धरेल व आकडे मोजेल. आधी फीड थांबवून पोटातले काढून घ्या, एफआयओटू (दिलेल्या हवेतला ऑक्सिजन) १०० टक्के करा, डोळे मिटवून टेप लावा, नळी ओठांशी किती सेंटिमीटरवर आहे ते मोठ्याने वाचा आणि लिहा. रुग्णाला व्हेंटिलेटरपासून दूरच्या कडेला सरकवून मग व्हेंटिलेटरच्या दिशेने वळवा. वळवून झाल्यावर कॅप्नोग्राफचा (बाहेर येणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचा) आलेख, नळीची खूण आणि दोन्ही बाजूंचा श्वास, या क्रमाने पाहा. अचानक प्रेशर चढले, तर नळी दुमडली आहे का, स्राव अडकला आहे का, की ती उजव्या ब्रॉंकसमध्ये सरकली, हे तपासा. पीईईपीला हात नंतर. डोक्याची दिशा दर दोन ते चार तासांनी बदला. नाहीतर गालावर आणि हनुवटीवर जखमा होतात, आणि हात चुकीच्या कोनात राहिला तर खांद्याजवळच्या नसा ताणल्या जातात.

व्हेरिएंटचा सगळ्यात मोठा फरक पडतो तो औषधांत. औषध कशावर वार करते, एवढे पाहिले की पुष्कळसे उलगडते. मोनोक्लोनल अँटिबॉडीज स्पाइकवर चिकटतात, म्हणजे बदल होण्याच्या नेमक्या जागी. कॅसिरिव्हिमॅब-इम्डेव्हिमॅब डेल्टावर चालत होते, ओमायक्रॉनवर निकामी ठरले. सोट्रोव्हिमॅब ओमायक्रॉनच्या बीए-१ या उपप्रकारावर तग धरून होते, बीए-२ या पुढच्या उपप्रकारापुढे त्याचा जोर बराच कमी झाला. रेमडेसिव्हिर विषाणूच्या पॉलिमरेजवर, म्हणजे त्याच्या प्रती काढणाऱ्या एन्झाइमवर, काम करते. ते स्पाइकच्या बाहेर असल्याने औषधाचा प्रभाव टिकून राहिला. पहिल्या दिवशी २०० मिलिग्रॅम, मग रोज १००. पण आधीच व्हेंटिलेटरवर असलेल्या रुग्णात जागतिक आरोग्य संघटनेच्या सॉलिडॅरिटी चाचणीत त्याचा फायदा दिसला नाही; तोवर विषाणूपेक्षा शरीराचीच प्रतिक्रिया फुप्फुस पोखरत असते. डेक्सामेथासोन, टोसिलिझुमॅब, बॅरिसिटिनिब ही औषधे विषाणूवर नव्हे, रुग्णाच्या शरीराच्या दाहावर काम करतात, त्यामुळे स्पाइक बदलल्याने त्यांचे काही बिघडत नाही.

प्रतिकारशक्ती दबलेल्या रुग्णात हे चित्र उलटते. त्याच्यात अँटिबॉडी तयार होत नाहीत आणि विषाणू आठवडेच्या आठवडे वाढत राहतो. तिथे तिसऱ्या आठवड्यातही अँटिव्हायरलला अर्थ असतो. निर्मट्रेल्व्हिर हे अँटिव्हायरल सुचले, तर आधी औषधांची यादी वाचा. त्याच्यासोबत दिले जाणारे रिटोनाविर टॅक्रोलिमसचे (प्रत्यारोपित अवयव नाकारला जाऊ नये म्हणून देतात ते औषध) विघटन रोखते, काही दिवसांतच रक्तातली पातळी विषारी होते आणि प्रत्यारोपित मूत्रपिंडच धोक्यात येते.

टोसिलिझुमॅबविषयी एक इशारा. किलोमागे ८ मिलिग्रॅम, कमाल ८०० मिलिग्रॅम हा डोस दिला की सीआरपी (रक्तातली दाहाची खूण) कोसळतो आणि तापही येत नाही. पुढे व्हेंटिलेटरशी निगडित न्यूमोनिया झाला, तरी अहवाल छान दिसतात. म्हणून स्राव दाट होणे, ऑक्सिजनची गरज वाढणे, रक्तदाब राखणारे नॉरअ‍ॅड्रिनलिन वाढवावे लागणे यांवर भिस्त ठेवा आणि कल्चर पाठवा. बुरशीचेही तसेच. स्टेरॉइडवरच्या रुग्णाची प्रकृती दुसऱ्या आठवड्यात कारणाविना ढासळली, तर श्वासनलिका धुऊन आलेल्या पाण्यात गॅलॅक्टोमॅनन (अ‍ॅस्परजिलस बुरशीची खूण) तपासा. मधुमेही रुग्णाच्या नाकात काळी खपली किंवा डोळ्याभोवती सूज दिसली, तर म्युकर या बुरशीच्या संसर्गाचा संशय धरून त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाला बोलवा. २०२१च्या डेल्टा लाटेत भारतात या आजाराने जो कहर केला, त्यामागे अनियंत्रित साखर आणि स्टेरॉइड यांचा मोठा हात होता.

व्हेरिएंटचा अहवाल यायला दिवस लागतात, तोवर उपचार थांबवता येत नाहीत. काही पीसीआर किटमध्ये एस-जीन (स्पाइकचे जनुक) दिसत नाही, यावरून अंदाज बांधता येतो: अल्फा आणि बीए-१मध्ये तो गायब होतो, डेल्टामध्ये सहसा दिसतो. पण बीए-२मध्येही बहुधा दिसतो, त्यामुळे परिसरात सध्या काय फिरते आहे हे माहीत नसेल तर ही खूण फसवते.

जनुकीय तपासणी खरी उपयोगाची ठरते ती बराच काळ पॉझिटिव्ह राहणाऱ्या रुग्णात. प्रतिकारशक्ती नसलेल्या शरीरात विषाणू बदलत जातो आणि मधे दिलेल्या औषधाला दाद देईनासा होतो. असा नमुना पाठवताना अर्जावर आधीच्या नमुन्याची तारीख, दिलेले अँटिव्हायरल आणि अँटिबॉडी, त्यांच्या तारखा, सीटी व्हॅल्यू (पीसीआरमधला आकडा; जितका कमी तितका विषाणू जास्त), सगळे लिहा. अशा रुग्णाचे विलगीकरण दिवस मोजून संपवू नका. ४८ तासांच्या अंतराने घेतलेले लागोपाठ दोन नमुने निगेटिव्ह आले, तरच त्याला सामान्य बेडवर हलवा.