बंब पोचत नाही तिथली आग

नमस्कार श्रोतेहो!

आग विझवणाऱ्यांचा सिनेमा म्हटलं की लाल बंब, घंटा, उंच शिडी आणि खिडकीतून बाहेर काढलेलं लेकरू. २०१७ सालच्या 'ओन्ली द ब्रेव्ह' या अमेरिकन सिनेमात यातलं फारसं काही नाही. म्हणूनच तो आपल्याकडच्या आंबा-काजूवाल्यांनी जरूर बघावा.

यातली वणवा विझवणारी टोळी पाण्यावर विसंबत नाही. कुऱ्हाडी, करवती घेऊन डोंगर चढायचा, वणव्याच्या वाटेतलं गवत-झुडूप मातीपर्यंत खरवडायचं, आणि त्या मोकळ्या पट्ट्यापलीकडचं रान आपणच पेटवायचं. वणवा येतो तेव्हा त्याला खायला काही उरत नाही. आपण पाऊस संपल्यावर बाग बेणून कडेने जाळरेषा काढतो, तेच हे काम. फक्त आग समोर दिसत असताना करायचं! घरगुती भांडणं जरा लांबलीत, पण हे खरवडणं बघण्यासारखं आहे.

गोष्ट खरी आहे. ३० जून २०१३, अॅरिझोनातलं यार्नेल गाव. वीज पडून लागलेला वणवा, वादळी ढगांमुळे अचानक फिरलेला वारा. वीस जणांच्या टोळीतले १९ गेले. वाचला तो टेहळणीला दुसरीकडे होता.

वारा आपल्याकडेही फिरतोच की. सकाळी मतलई, दुपारी खारा. सकाळी समुद्राकडे झुकलेली ज्वाळा दुपारी डोंगराकडे वळते, आणि चढावर आग धावतच सुटते, कारण वरचं गवत ज्वाळांच्या जवळ असतं, आधीच तापून तयार. फाल्गुनातला सडा, म्हणजे डोंगरावरचं कातळी माळरान, आठवा. गुडघाभर वाळलेलं गवत, करवंदीच्या जाळीत शिरून तडतडणारी आग, ओल्या टहाळ्यांनी झोडपणारी चार माणसं. बंब खाली डांबरी रस्त्यावर, कारण वर यायला वाटच नाही.

या चौघांतले निम्मे आगीच्या वरच्या अंगाला उभे असतात. ते अगदी चुकीचं. यार्नेलची टोळीही आधी जळून काळ्या झालेल्या रानात होती, म्हणजे सुरक्षित होती. ते सोडून ती न जळलेल्या घळीत उतरली, आणि तिथेच आगीने गाठलं.

तेव्हा यंदा भाजावळीची, म्हणजे पेरणीआधी शेत भाजण्याची, आग हाताबाहेर गेली, तर झोडपायला जळलेल्या बाजूने जा. एकाला लांब, उंचावर उभा करा. त्याने आग विझवायची नाही, नुसता वारा बघायचा. आणि मुळात काडी लावण्याआधी बांधाकडेचं गवत काढून घ्या.