रेपो दर आणि ओली मान

(दृश्य: सोलापूर बाजार समिती, सकाळ. कांद्याच्या पिशव्यांची थप्पी.)

खरेदीदार पिशवीतला एक कांदा उचलतो, अंगठ्यानं मान दाबतो. मऊ लागली की न बोलता पुढच्या वक्कलाकडे, म्हणजे मालाच्या पुढच्या ढिगाकडे.

खरिपाचा लाल कांदा तसाही कांदाचाळीत टिकत नाही. त्यात सप्टेंबर-ऑक्टोबरात, काढणीच्या तोंडावर पाऊस लागून राहिला, की पात करपते, मान सुकत नाही, ढिगाला ओल सुटून सड पसरते. उन्हाळी कांद्याचा साठा दिवाळीपर्यंत संपत आलेला. मधली फट भरायला दुसरा मालच नसतो.

महागाई मोजणाऱ्या, २०१२ पायाभूत वर्षाच्या ग्राहक किंमत निर्देशांकात कांद्याचा भार ०.६४ टक्के होता. भाव दुप्पट झाला, की ढोबळमानानं एकटा कांदा महागाईचा दर अर्धा-पाऊण टक्का वर न्यायचा. आणि रिझर्व्ह बँकेचं महागाईचं लक्ष्य २०१६ मध्ये ठरलं ते ४ टक्के, खाली-वर २ टक्क्यांची मुभा. सलग तीन तिमाही सरासरी त्याबाहेर राहिली, तर सरकारला लेखी कारणं द्यायची. २०२२ मध्ये ती वेळ आली.

आता रेपो, म्हणजे रिझर्व्ह बँक इतर बँकांना ज्या दरानं कर्ज देते तो व्याजदर, वाढवून कांदा सुकत नाही, हे बँकेलाही कळतं. म्हणून भाजीच्या एखाद्या हंगामाकडे काणाडोळा करायची रीत होती. पण जुलै २०२३ मध्ये टोमॅटो भडकला, महागाई ७.४४ टक्के, ऑक्टोबर २०२४ मध्ये भाज्या ४२ टक्क्यांनी महाग, एकूण दर ६.२१. दरवर्षी कुठलं ना कुठलं पीक हुकायला लागलं, तर लोक मजुरी आणि भाडं महागाई धरूनच ठरवतात. बँकेला धास्ती आहे ती त्याची.

(दृश्य: यंत्रमाग, टॉवेलचं कापड.)

मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३, रेपो ४ वरून ६.५० टक्के. ही वाढ मुख्यतः युक्रेन युद्धानंतरच्या महागाईमुळे. पण खाली यायला फेब्रुवारी २०२५ उजाडलं, त्यात भाज्यांचा हात मोठा. रेपोशी जोडलेलं २० लाखांचं कॅश क्रेडिट (खेळत्या भांडवलाचं कर्ज) पूर्ण वापरणाऱ्या कारखानदाराला वर्षाला ५० हजार जादा व्याज. कांदा त्यानं पिकवलेलाही नाही.

(दृश्य: उजनी धरण, उघडा पडलेला काठ.)

महागाई ही एक जोखीम. दुसरी बँकांच्या कर्जवहीत. २०२३ च्या पावसाळ्यात उजनी भरलंच नाही. अशा वर्षी एकाच शाखेत पीककर्ज, उसाच्या तोडणी-वाहतुकीची उचल आणि ट्रॅक्टरचा हप्ता, तिन्ही एकदमच थकू शकतात. तारण वेगवेगळं, पाणी एकच.